फाटकापाशी काढलेल्या चपला

मी काही वर्षं श्रीमंत होते. रोजची नाही, फक्त लग्नसराईत, आणि तेही गाणं सुरू असेपर्यंत. वरातीपुढे वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत बाईचा आवाज माझा होता आणि आमच्या गाण्यांतली पोरगी नेहमी बंगल्यातच राहायची. पोरगा गरीब. ती गाडीतून उतरणार, हा तिच्यावर मरणार, ती याला झिडकारणार, हा रडणार, आणि वरातीतली पोरं शर्टाची बटणं सोडून त्यावर नाचणार. वाशीम जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, नवरदेव घोड्यावर हसत बसलेला असतो आणि त्याच्यापुढे अर्धं गाव कोणाच्या तरी प्रेमभंगावर नाचत असतं. याचं मला तेव्हाही हसू यायचं, आताही येतं.

आमचं सगळ्यात जास्त चालणारं गाणं असं होतं. पोरगा म्हणायचा,

तुझा बंगला दोन मजली, माझं गळकं छप्पर गं,
तू पिते कोल्ड्रिंक थंडगार, मी मोजून घेतो साखर गं.

यावर मी एक हात कमरेवर ठेवायचे, मान उडवायचे आणि म्हणायचे,

सोड माझी वाट रे, आली पप्पाची गाडी,
तुझ्यासंगं येऊन का मी नेसू फाटकी साडी?

आता गंमत ऐका. हे म्हणणाऱ्या माझा बाप वीटभट्टीवर आणि माय लोकांच्या वावरात निंदणाला. आमचं घर म्हणजे घरकुलाच्या दोन खोल्या, वर टिन. घरात मी कधी 'पप्पा' अशी हाक मारली असती तर बापानं मागे वळून पाहिलं असतं की पाहुणा कोण आला. गाण्यासाठी मी जो टिकल्यांचा घागरा घालायचे तो शेजारच्या वहिनीच्या लग्नातला होता. कमरेला सेफ्टी पिना लावल्याशिवाय तो माझ्या अंगावर थांबायचा नाही.

आणि गळक्या छपराखाली बसून साखर मोजणारा तो गरीब म्हणजे आमच्या पार्टीचा मालक. त्याला सगळे हिरो म्हणायचे, मीही तेच म्हणते. केनवडच्या बाजारात त्याच्या वडिलांचं खता-बियाण्यांचं मोठं दुकान, दारात ट्रॅक्टर, आणि आमच्याच गावात दोन मजली घर. बेंजो, ऑर्गन, स्पीकर, जनरेटर आणि हे सगळं ज्यावर लादायचं ती गाडी, सगळं त्याचं. चहात हा माणूस इतकी साखर घालायचा की कप रिकामा झाल्यावर तळाशी उरलेली बोटानं चाटून खायचा. पण माइक हातात आला की असा काही गरीब व्हायचा की बाया पदरानं डोळे पुसायच्या.

त्याच बायांनी माझं जिणं मात्र हराम केलं होतं. एकदा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर लग्न होतं. गाणं संपलं, घसा कोरडा पडला, म्हणून मी जवळच्या घरी पाणी मागितलं. तिथल्या म्हातारीनं पाणी दिलं, पण देता देता चांगलंच सुनावलं. बापाच्या पैशाचा एवढा माज बरा नाही, म्हणाली, पोरगं एवढं रडून राह्यलं, तुला दया कशी येत नाही. मी तिला सांगितलं की आजी, माझा बाप विटा थापतो. तिचा विश्वास बसेना. घागऱ्याकडे पाहून म्हणाली, खोटं तरी नीट बोलावं माणसानं. शेवटी मी कमरेच्या पिना दाखवल्या तेव्हा कुठे ती हसली आणि भाकरीवर चटणी घालून हातावर ठेवली.

गाणं मी शिकले ते आमच्या वस्तीतल्या विहारात. जयंतीच्या कार्यक्रमाला माय पुढे म्हणायची आणि आम्ही पोरी तिच्यामागून. पुढे रिसोडला कॉलेजात गेले, परत आले, तरी जयंतीला स्टेजवर मीच असायचे. एका वर्षी स्पीकर हिरोचा होता. त्यानं माझा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. माय पाठवायला तयार नव्हती. पण पार्टीतले ढोलकीवाले काका आमच्याच वस्तीतले, त्यांनी मायला सांगितलं की पोरगी माझ्यासोबत जाईल, माझ्यासोबत येईल. पार्टीची गाणीही हेच काका लिहायचे, म्हणून सगळे त्यांना शायर म्हणत. अशी मी बंगल्यावाली झाले.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर मी अशीच बोलत राहीन. मी हिरोच्या प्रेमात पडले. कशी पडले तेही सांगते. एका वरातीत भर दुपारी जनरेटर बंद पडला. स्पीकर गेले, ऑर्गन गेला, नाचणारी पोरं वैतागून शिट्ट्या मारायला लागली. दुसरा कोणी असता तर जनरेटरवाल्यावर ओरडला असता. यानं माइक खाली ठेवला आणि साध्या आवाजात, त्या उन्हात, तीच ओळ पुढे म्हणायला घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. मीही सुरू केलं. शायर काकांनी ढोलकी धरली आणि आमचे दोघांचे नुसते आवाज त्या रस्त्यावर चालत राहिले. जनरेटर सुरू झाला तोवर माझा निकाल लागला होता.

त्याच्या बाजूनं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. तो वाईट माणूस नव्हता. गाडीत पुढची सीट मला द्यायचा, जेवण आधी हिला वाढा म्हणायचा, कोणी दारुडा आगाऊपणा करायला आला तर मध्ये उभा राहायचा. पण त्याच्या डोक्यात मी म्हणजे पार्टीतला एक आवाज, जसा बेंजोचा एक आवाज. समोरासमोर मी त्याला 'तुमी' म्हणायचे, मालक होता ना. तो मला 'तू'. मला 'तू' म्हणायची मुभा फक्त गाण्यात होती, आणि तिथेही तू म्हणून मी त्याला काय सांगायचे, तर जा बाबा, आली माझ्या पप्पाची गाडी. किती चिडचिड व्हायची म्हणून सांगू.

सराव त्याच्या घरी चालायचा, दुपारचा, कारण वराती बहुतेक संध्याकाळच्या असत. फाटकापासून पोर्चपर्यंत भलंमोठं अंगण होतं, सगळं काळ्या फरशीचं. सुगीत तिथे सोयाबीन वाळत घालत. उन्हाळ्यात त्या फरशीवर नुसता पापड टाकला असता तरी भाजून निघाला असता. आणि आमच्या वस्तीतलं कोणी त्या घरी गेलं की चपला फाटकापाशी काढायचं. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी कधी हटकलंही नव्हतं. घरची माणसं पोर्चच्या पायरीशी काढत. बाजारातून आलेले व्यापारी तर बुटांसकट सोफ्यावर बसत. आपण मात्र फाटकापाशी. माझी आजी काढायची, माय काढायची, शायर काका काढायचे. आणि मी, जी स्टेजवर मूठ वळून समतेची गाणी म्हणायची, ती मीही काढायची. डोकं काहीही म्हणो, फाटक आलं की पाय आपोआप चपलांतून बाहेर यायचे. मग त्या तापल्या फरशीवरून टाचा उचलत, एक पाय टेकला की लगेच दुसरा, अशी मी पोर्चपर्यंत पळत जायचे.

हिरो पोर्चमध्ये पंख्याखाली ऑर्गन घेऊन बसलेला असायचा. मला तसं येताना पाहून तो भलता खूश व्हायचा. बाकीच्यांना म्हणायचा, हिच्यापासून शिका काहीतरी, ही पोरगी सरावाला नाचत येते. आणि ऑर्गनवर माझ्या पावलांचा ठेका धरायचा. मी पोर्चच्या थंड पायरीवर पोचून हसायचे. त्याला एवढा आनंद झालेला, त्यात मी कुठे पायांचं रडगाणं लावू.

मायच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. एका संध्याकाळी माझ्या तळपायांना खोबरेल तेल चोळता चोळता तिनं विचारलं,

"आमी काढतो ते आमचं जुनं हाय वं. तू कायले काढते?"

सवय म्हणावी तर मी शिकलेली पोरगी. मान द्यायचा म्हणावं तर त्या घरानं माझा कोणता मोठा मान ठेवला होता. खरं म्हणजे मला भीती वाटायची. चपला घालून आत गेले आणि त्याच्या आईनं नुसतं एकदा खाली पाहिलं असतं, तरी माझं तिथे जाणं बंद झालं असतं. मग मी त्याला कुठे पाहिलं असतं? तेलाची बाटली माझ्या हातात देऊन माय चुलीकडे गेली.

त्याच आठवड्यात मला ते कडवं सुचलं. मायला घेऊन मजुरीच्या बायांची गाडी निघून गेली होती, मी एकटी घरी भांडी घासत होते, आणि ओळी आपोआप येत गेल्या.

फाटकापाशी काढल्या चपला, फरशी भाजते पाय रे,
तू सावलीत बसून गातो, तुले ठाऊक काय रे.
पाणी मागू कोन्या तोंडानं, सूर लागला गोड रे,
तुयं गाणं संपू नोको, पायाले पडो फोड रे.

घासलेली भांडी मी पुन्हा घासली, इतकी मी त्यात गुंतले होते. आणि मग मला कळलं की मला काय हवंय. लग्न नको होतं असं म्हणणार नाही, नको कसं? पण ते होणारं नव्हतं, एवढी अक्कल मला होती. दुकानवाल्यांच्या घरातलं लग्न वाशीम-अकोल्याकडे बघून ठरतं, आमच्या वस्तीकडे बघून नाही. मला एवढंच हवं होतं की त्याला कळावं. एकदाच कळावं की ही पोरगी तुला झिडकारत नाहीये बाबा, ही तुझ्यासाठी रोज पाय भाजून घेते. हे कळल्यावर त्यानं हसावं, रागवावं, पार्टीतून काढून टाकावं, काहीही करावं.

शायर काकांना कडवं दाखवलं. त्यांनी ढोलकी मांडीवर घेऊन ते दोनदा गुणगुणलं. डोळे भरून आले त्यांचे, कारण चपला तर त्यांनीही तिथेच काढलेल्या. पण मान हलवून म्हणाले,

"कडवं खरं हाय पोरी. पण गरीब पोरगी अन् श्रीमंत पोरगा, याचं गाणं नाही होत. याची नुसती कुजबुज होते."

मी भडकले. म्हटलं, काहून नाही होत? पोरगा रडला तर गाव नाचते आणि पोरगी रडली की कुजबुज? काका म्हणाले की मी काही कायदा केला नाही, लोक जे ऐकतात ते मी लिहितो. माझा राग पाहून त्यांनी एवढं मात्र कबूल केलं की तू म्हटलंच तर मी ठेका सोडणार नाही. तेवढं मला पुरेसं होतं.

किन्हीराजाजवळच्या एका लग्नात मी ते म्हटलं. मोठी वरात होती, गच्चीवर, ओट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, जिथं पाहावं तिथं बाया. हिरोनं आपलं गळकं छप्पर म्हणून संपवलं आणि माझ्याकडे हात केला. पप्पाची गाडी यायची वेळ झाली होती. मी ती येऊच दिली नाही. कमरेवरचा हात काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि फाटकापाशी चपला काढल्या. शायर काकांनी ठेका धरला, शब्द पाळला त्यांनी. नाचणारी पोरं गोंधळली, पण बाया कान देऊन ऐकायला लागल्या. दुसऱ्या वेळेला ओळ आली तेव्हा ट्रॉलीतल्या बायांनी 'पायाले पडो फोड रे' माझ्यासोबत म्हटलं. त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

त्याचे डोळे चमकत होते. मला वाटलं, कळलं. बाई, कळलं याला.

आमच्या स्पीकरच्या गाडीवरून उतरल्या उतरल्या तो माझ्याकडे धावत आला. काय ओळ आहे, काय ओळ आहे, असं किती वेळा म्हणाला असेल देव जाणे. कडवं कोणाचं आहे विचारलं तर मी म्हटलं, असंच सुचलं. मग त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला,

"पण हे तुया तोंडी वाया चाललं ना. तू त बंगल्यावाली हायेस. फरशीवर पाय गरिबाचे भाजतात. हे मले पाह्यजे."

गरीब म्हणजे तो. मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं आणि मला असं हसू फुटलं की थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, पण तेवढा फरक त्या गर्दीत कोणाला कळणार. शायर काकांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. हिरो बिचारा म्हणत होता, पहा, इतकी खूश झाली.

दोष त्याला तरी कसा देऊ? पिढ्यान्‌पिढ्या नाही, पण निदान माझ्या जन्मापासून तरी आमच्या सगळ्या गाण्यांत पोरगाच गरीब होता. तापलेली फरशी नेहमी दुसऱ्याच्या घरची असायची. ती आपल्या स्वतःच्या फाटकाच्या आत असू शकते, हे त्याच्या डोक्यात येणार कुठून? त्यानं 'रे'च्या जागी 'गं' घातला, 'गातो'च्या जागी 'हसते' केलं, वाशीमला जाऊन स्टुडिओत ते रेकॉर्ड केलं आणि मोबाईलवर टाकलं. गाणं असं चाललं, असं चाललं की शेळ्या राखणारी पोरंही तेच म्हणत फिरायला लागली. माझ्या मायनं निंदणाच्या वावरात दुसऱ्या बायांच्या तोंडून ऐकलं. घरी येऊन जेवताना मला एक भाकर जास्त वाढली.

आता याहून मोठी कडी ऐका. त्या गाण्यावर त्याचं लग्न जमलं. वाशीमच्या एका अधिकाऱ्याची मुलगी, शिकलेली, चांगल्या मनाची. तिनं म्हणे ते गाणं ऐकून घरात सांगितलं की एवढ्या चांगल्या परिस्थितीत राहून ज्याला गरिबाचे पाय कळतात, तो माणूस चांगलाच असणार. म्हणजे पाय माझे भाजले आणि बायको त्याला मिळाली. हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसून लोळतात. मीही लोळते आता. तेव्हा चार दिवस जेवण गेलं नव्हतं.

हळद त्याच्या घरीच होती, मे महिन्यातली, भर सकाळची म्हणता म्हणता बारा वाजवलेली. गायला मला बोलावलं. माय म्हणाली, जाऊ नोको. मी म्हटलं, जाईन. माझ्या पार्टीच्या मालकाचं लग्न आणि मी तोंड लपवून घरात बसू? माझं काही चुकलं होतं का? माय मग स्वतःच सोबत निघाली. तशीही आमच्या वस्तीतल्या बायांना गहू निवडायला, पोळ्या लाटायला बोलावणं होतंच.

फाटक आलं. मायनं चपला काढल्या, बायांनी काढल्या, आणि माझे पाय आपोआप बाहेर आले. फाटकापाशी चपलांचा ढीग लागला.

अंगणात मांडव होता, पण कापड पुरलं होतं मधल्या भागापुरतं. सावलीत खुर्च्या, खुर्च्यांवर वाशीमचे पाहुणे, बुटांसकट. मध्ये पाटावर हिरो बसलेला, हळदीनं पिवळाजर्द, नुसते डोळे तेवढे ओळखू येत होते. शेजारी सवाष्णींनी वाजतगाजत आणलेल्या घागरी ठेवलेल्या, नवरदेवाच्या नाहण्याच्या पाण्याच्या. स्पीकर कडेला, उन्हात, आणि स्पीकरजवळ मी. आमच्या बाया पोळ्या आटोपून हळद बघायला आल्या आणि फाटकाजवळ उभ्या राहिल्या.

दोन-चार हळदीची गाणी झाली. मग पाहुण्यांनी नवरदेवाचं गाजलेलं गाणं मागितलं. आता हळद लागलेला नवरदेव स्वतः माइक धरून कसा गाणार? सगळे म्हणाले, तू म्हण. मी शायर काकांकडे पाहिलं. त्यांनी ढोलकीवर बोटं ठेवली आणि मान हलवली.

मी म्हटलं. त्यानं बदललेलं नाही, माझं होतं तसं. फाटकापाशी काढल्या चपला, फरशी भाजते पाय रे. मी हळू घेतलं. माझे पाय खाली एकामागून एक उचलत होते, ते मला थांबवता येईनात. पाठीमागे फाटकाजवळ आमच्या बायाही तशाच, एक पाय टेकव, एक उचल, आणि तोंडानं माझ्यासोबत गाणं. माझी मायही.

हिरो पाटावर बसून हसत ऐकत होता. 'तू सावलीत बसून गातो' आलं आणि त्याचं हसू जरा थांबलं. त्यानं वर पाहिलं, मांडवाच्या कापडाकडे. मग फाटकाकडे पाहिलं. तो चपलांचा ढीग त्यानं जन्मापासून पाहिला असेल, पण त्या दिवशी तो पाहतच राहिला. मग बायांचे पाय. मग त्याची नजर फरशीवरून सरकत सरकत माझ्या पायांपर्यंत आली.

तो उठला. हळदीच्या पाटावरून मध्येच उठत नाहीत, त्याची आत्या हां हां म्हणत त्याचा हात धरायला धावली. त्यानं हात सोडवला, नाहण्याची घागर उचलली आणि माझ्यासमोर येऊन सगळं पाणी फरशीवर ओतलं. चर्र झालं. वाफ निघाली. मग दुसरी घागर, ती फाटकाकडे. सवाष्णी कपाळाला हात लावून बघत राहिल्या. घागरी संपल्या तेव्हा त्यानं ओरडून मोटार सुरू करायला सांगितली आणि पाइप आणवला.

मी गाणं सोडलं नव्हतं. शायर काकांनी ठेका सोडला नव्हता. तो पाइप फाटकाकडे सोडून परत माझ्याजवळ आला. अंगावरची हळद ओघळत होती. माइकमध्ये जाऊ नये इतक्या हळू आवाजात तो म्हणाला,

"मले वाटे, तू नाचत येते."

बस, एवढंच. आणखी काही म्हणावं असं मला वाटलंही नाही. त्याला कळलं होतं. प्रेमाचं कळलं की फक्त पायांचं कळलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. पण त्याची मान खाली होती आणि मी त्याला पहिल्यांदाच, गाण्याबाहेर, तू म्हटलं. म्हटलं, जा, पाटावर बस, लग्न आहे तुझं.

तो जाऊन बसला. फरशी थंड झाली होती, ओली, काळी, चकचकीत. पाण्यात उभं राहिल्यावर तळपायांना इतकं बरं वाटलं की मला भानच राहिलं नाही. मी माइक शायर काकांच्या हातात दिला आणि नाचले. खरोखरची नाचले, त्या अंगणात पहिल्यांदा. फाटकाजवळच्या बाया पाणी तुडवत आत आल्या, पोर्चपर्यंत आल्या, माझी माय पदर खोचून त्यांच्या पुढे. नवरदेव पाटावर बसून पिवळ्या हातांनी आमच्या पावलांवर टाळ्या देत होता, आणि त्याची आत्या नाहण्यासाठी पुन्हा पाणी आणायला सवाष्णींना हाका मारत होती.